पुठ्ठ्याच्या घराची चोरी

१

"काका, घर चोरीला गेलंय," पहारेकरी दारातून म्हणाला.

पोथीकाकांनी पुस्तकातून मान वर केली. नगर नियोजन कार्यालयाच्या अभिलेख कक्षात सकाळी दहा वाजता कोणी धावत येत नसे. जुने नकाशे मागायला येणारी माणसं खालच्या मानेनं येत, सावकाश येत.

"घरात चोरी झाली म्हणायचंय का तुम्हाला?"

"नाही हो. घरच गेलंय. छपरासकट, दारंखिडक्यांसकट. बुवांच्या टेबलावरचं."

पुस्तक उघडंच टाकून ते जिना उतरले.

सभागृहाच्या मधोमध मोठं टेबल होतं आणि त्यावर पुठ्ठ्याची वस्ती मांडलेली होती. एका बाजूला पांढरा मॉल, त्याला चिकटून निळ्या पुठ्ठ्याचे तीन जादा मजले. हीच ती वाढ, मॉलनं मागितलेली. मॉलमागे बारीकसा रस्ता आणि रस्त्यापलीकडे सात घरांची रांग. आज घरं सहाच होती. कोपऱ्यावर काड्यापेटीएवढा रिकामा चौकोन उरला होता.

ही वस्ती बनवणारे पुठ्ठेबुवा टेबलाशी उभे होते. चाळीस वर्षं ते या कार्यालयात शहराच्या प्रतिकृती करत आले. त्यातली तीस वर्षं दुपारचा डबा पोथीकाकांबरोबर खाल्लेला.

"बुवा, हे कसं झालं?"

"गेलं खरं," बुवा म्हणाले आणि खिशात हात घालून खिडकीबाहेर बघत राहिले.

तेवढ्यात अध्यक्षबाई आल्या. निकष फेरविचार समितीच्या त्या अध्यक्ष. आवाज मऊ, पण त्या बोलू लागल्या की माणसं बसल्या जागी सरळ होत. त्यांच्यामागून मॉलचे आर्किटेक्ट आले, काखेत गुंडाळलेले नकाशे.

बाईंनी रिकामा चौकोन पाहिला. "आजच?" एवढंच म्हणाल्या.

आजच म्हणण्याचं कारण होतं. शहरातल्या घरबांधणीच्या निकषांचा वर्षभर फेरविचार चालला होता. नवा निकष असा: वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीसुद्धा प्रत्येक घराच्या एका तरी खिडकीत दोन तास ऊन आलंच पाहिजे आणि शेजारी काहीही बांधलं तरी ते हिरावलं जाऊ नये. मॉलची वाढ या निकषावर पारखायची होती. सुनावणी दुपारी तीनला. काल सगळ्यांसमोर चाचणीही झाली होती. बुवांनी लोखंडी कमानीवरून दिवा सरकवला, तो सूर्य. निळ्या मजल्यांची सावली रांगेवरून फिरली आणि कोपऱ्यावरच्या घराच्या खिडकीत ऊन टिकलं दोन तास दहा मिनिटं. मॉल दहा मिनिटांनी पास.

हरकत एकीचीच होती, त्याच घरात राहणाऱ्या बाईची. ती कपडे शिवते म्हणून सगळे तिला शिवणताई म्हणत. तिचं म्हणणं साधं होतं: एवढं ऊन माझ्या खिडकीत उरणार नाही, आणि त्या खिडकीवरच माझं पोट आहे.

"काल शेवटी कोण होतं इथे?" बाईंनी विचारलं.

पहारेकऱ्यानं वही उघडली. "साडेपाचला शिवणताई आल्या प्रतिकृती बघायला. सहा दहाला गेल्या. हातात मोठी कापडी पिशवी. त्यानंतर बाहेरचं कोणी नाही."



"हरकत घेणारीनंच पुरावा नेला असेल," बाई सावकाश म्हणाल्या, "तर हरकत उरत नाही. तीनपर्यंत घर मिळालं तर ठीक. नाहीतर कालची चाचणी कायम धरून मी हरकत निकालात काढीन. आणि शोध तुम्ही घ्यायचा, पोथीकाका."

"मी?"

"फायलीच्या आड रहस्यकथा कोण वाचतं, हे मला कळत नाही असं वाटलं का तुम्हाला?"

२

पोथीकाका कानापर्यंत लाल झाले. पुस्तकातला गुन्हेगार त्यांना आजवर एकदाही आधी ओळखता आला नव्हता. दर वेळी त्यांचा संशय भलत्याच भल्या माणसावर जाई आणि शेवटच्या पानावर ते मनातल्या मनात त्याची माफी मागत. अशा माणसाच्या हाती एका बाईचं ऊन सोपवणं त्यांना स्वतःलाच पटत नव्हतं.

तरी ते चष्मा पुसून टेबलावर वाकले.

रिकाम्या चौकोनाच्या कडा फाटलेल्या नव्हत्या. तळाचा कागद किंचित फुगला होता, ओल लागून वाळल्यासारखा. दारापुढचं स्पंजाचं झाड उपटून नीट बाजूला, सहाव्या घराच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं. त्याचं एक पानही गळालं नव्हतं.

"चोर मोठा हळवा दिसतो," पहारेकरी मागून म्हणाला. "आमच्या घरी चोरी झाली तेव्हा कुंडीसुद्धा फोडून गेले."

पोथीकाका हसले नाहीत. ते आर्किटेक्टकडे वळले. तो माणूस तरुण होता, इस्त्रीचा शर्ट, पण नखांत शिशाची काजळी. म्हणजे नकाशे स्वतः काढणारा.

"तुमच्यावर संशय घेतोय असं समजू नका हं," पोथीकाका चाचरत म्हणाले.

"घ्या की. मॉलवाल्यावर संशय घ्यायला कोणाला आवडत नाही? पण काका, ते घर माझा सर्वांत चांगला साक्षीदार होतं. दोन तास दहा मिनिटं ऊन त्याच्याच खिडकीत पडलं. मी त्याला पळवीन की त्याच्यापुढे हात जोडीन?"

पोथीकाकांनी मान हलवली. म्हणणं बरोबर होतं.

"तुम्ही कधी त्या घरी गेलात?"

"नाही. मला मॉलची जागा मोजायची होती, ती मोजली. घरांची मापं तर तुमच्याच कक्षातून आली ना?"

"हो," पोथीकाका म्हणाले. "मीच काढून दिली." का कोण जाणे, हे सांगताना त्यांना बरं वाटलं नाही.

बाहेर पडताना पहारेकऱ्यानं त्यांना बाजूला घेतलं. "बाईंसमोर बोललो नाही. पण काल त्या ताई जाताना डोळे पुसत होत्या. आणि पिशवी अशी छातीशी धरलेली, तान्हं मूल धरावं तशी."

३

घर मॉलच्या मागच्या रस्त्याला होतं. रांगेतली बाकीची सहा घरं नव्यानं बांधलेली, उंच, चकचकीत रंगांची. कोपऱ्यावरचं तेवढं जुनं, शेजाऱ्यांमध्ये खुरमांडी घालून बसल्यासारखं.

पोथीकाकांनी दार वाजवलं, दार उघडलं, त्यांनी पाऊल टाकलं आणि ते थेट शिवणताईच्या अंगावर गेले.

"जपून, जपून! पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण इथे धडपडतो." तिनं त्यांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं. "लागलं नाही ना?"

"नाही, नाही. माझंच लक्ष नव्हतं."

खिडकीपाशी शिवणयंत्र होतं. त्यावर एका कोटाची बाही, बाजूला काजं करायला खुणा केलेला पुढचा भाग. खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा यंत्राच्या सुईपर्यंत पोचून थांबला होता.

"काळ्या कापडावर काळा दोरा," तिनं त्यांची नजर ओळखून म्हटलं. "दिव्याखाली मला दिसत नाही, डोळ्यांत पाणी येतं. डॉक्टर म्हणतात, उन्हात करा, नाहीतर सोडा. सोडून करू काय? दुसरं काही येत नाही मला."

"काल तुम्ही रडत होता म्हणे."

"पहारेकऱ्यानं सांगितलं? चांगला आहे हो तुमचा पहारेकरी, सगळं बघतो." ती हसली. मग गंभीर झाली. "का, झालंय काय?"

पोथीकाकांनी सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. ती उठली, कपाटातून कापडी पिशवी काढून त्यांच्या मांडीवर उपडी केली. कोटाचं अस्तर, दोऱ्याची रिळं, खडू.

"झडती घ्या घराची. पुठ्ठ्याचं घर नेऊन मी काय करू? मला माझं खरं घर सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात."

"मी झडती घ्यायला आलो नाही, ताई. काल तिथे काय झालं, तेवढं सांगा."

"काय होणार? गेले, बघितलं. माझं घर इतकं सुंदर केलंय की गहिवरून आलं, खरं सांगते. खिडकीला गजसुद्धा आहेत, तारेचे. पण एक चुकलं होतं. तिथे एक म्हातारे गृहस्थ ब्रशनं धूळ झटकत होते. मला वाटलं साफसफाईवाले. मी त्यांना म्हटलं, मामा, घर छान आहे, पण माझं नाही. माझ्या दाराला वर जायच्या पायऱ्या नाहीत."

पोथीकाकांनी वळून दाराकडे पाहिलं. मघाशी आपण का पडलो, हे त्यांना आत्ता दिसलं. दारातून आत तीन पायऱ्या खाली उतरत होत्या.

"सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा तीन पायऱ्या चढून यायचं," ती म्हणाली. "मग रस्ता दरवेळी नव्यानं करायचा म्हणून थरावर थर घालत गेले. रस्ता वर आला, आम्ही खाली राहिलो. शेजाऱ्यांनी घरं पाडून उंच बांधली. आम्हाला कुठलं जमायला?"

"त्या गृहस्थांनी काय केलं?"

"मी घरी आले, तर अर्ध्या तासानं दारात हजर. पायऱ्या मोजल्या. एकदा नाही, तीनदा. मग पाणी मागितलं." तिनं स्वतःचा हात पुढे धरून हलवून दाखवला. "बोटं अशी थरथरत होती काका, निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं."

४

परतताना पोथीकाका वाटेत एका बाकावर बसले. एक वाजला होता. इथे कोणी आपलं चुकलं म्हणणार नाही, म्हणून त्यांनी निवांत विचार करायचं ठरवलं. पण या वेळी विचार आपणहून एकामागून एक येऊन बसले.

ओल लावून घर सोडवलं होतं. बुवा बाजारचा डिंक वापरत नाहीत, खळ शिजवतात, आणि खळ ओल्या फडक्यानं सुटते हे कार्यालयात दोघांनाच ठाऊक. एक बुवा, दुसरे ते स्वतः.

झाड जपून ठेवलं होतं. चोराला त्या झाडाची माया होती.

वहीत बाहेरच्या माणसांचीच नावं लिहितात. बुवा बाहेरचे नव्हते.

आणि सकाळचं ते "गेलं खरं". टेबलाला कोणाचं कोपर लागलं तरी आकाशपाताळ एक करणारा माणूस घर गेल्यावर ओरडलासुद्धा नाही. खिशातून हातही काढले नाहीत त्यानं. गेली दोन वर्षं डब्याचं झाकणसुद्धा तो पोथीकाकांकडून उघडून घेत होता. "तुझ्या बोटांना तेवढाच व्यायाम," म्हणे. आणि पोथीकाका हसत.

त्याहून वाईट विचार शेवटी आला. बुवांनी घर कशावरून बनवलं होतं? अभिलेख कक्षातल्या मंजूर नकाशावरून. सही, शिक्का, सगळं जिथल्या तिथे. पस्तीस वर्षांपूर्वीचा तो नकाशा पोथीकाकांनीच काढून दिला होता. शिक्का असला की कागद खरा, ही त्यांची उभ्या जन्माची श्रद्धा. मॉलची मापं मात्र आजच्या रस्त्यावरून घेतलेली. एका टेबलावर दोन वेगवेगळ्या काळांतल्या जमिनी चिकटवल्या गेल्या होत्या आणि दोन म्हाताऱ्यांपैकी एकानंही जाऊन पाहिलं नव्हतं.

ते उठले. शोध लागला होता. तो कोणाला सांगायचा, हे मात्र कुठल्याच पुस्तकात दिलेलं नव्हतं.

५

बुवांची कार्यशाळा तळमजल्यावर, जिन्याखाली. दाराला आतून कडी होती.

"बुवा, मी आहे."

मग कडी निघाली.

कामाच्या फळीवर कोपऱ्यावरचं घर पडलं होतं. जोतं निम्मं कापलेलं, आणि तिथून पातं घसरून समोरच्या भिंतीला आरपार चीर गेलेली. तारेचे गज वाकडे झाले होते.

"ये. बघ," बुवा म्हणाले. "चाळीस वर्षांत माझा हात कधी घसरला नव्हता."

पोथीकाका स्टुलावर बसले. 

"सकाळी दहाच्या आत परत बसवणार होतो रे," बुवा म्हणाले. "कोणाला कळलंही नसतं. जोतं कापायचं, तळाला भोक पाडून घर खाली उतरवायचं. माझं अर्ध्या तासाचं काम. रात्रभर बसलो. हात ऐकत नाहीत."

"सांगायचं होतंस."

"काय सांगू? बुवांची प्रतिकृती चुकली म्हणून? मग आजवरच्या सगळ्या उकरून काढतील. म्हणतील, म्हातारा झाला, घरी पाठवा."

"आणि त्या बाईवर आळ आला तेव्हा?"

बुवांनी मान खाली घातली. खिशातले हात बाहेर काढून त्यांनी मांडीवर ठेवले. हात मांडीवरसुद्धा स्थिर नव्हते.

"तेव्हा तोंड उघडायला हवं होतं," ते म्हणाले. "उघडलं नाही. तिच्या घरचं पाणी प्यायलो होतो मी."

पोथीकाकांना त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण असं त्यांनी तीस वर्षांत कधी केलं नव्हतं आणि जमेल का याचीही खात्री नव्हती. त्यांनी पातं उचललं.

"नकाशा मी दिला होता. चूक निम्मी माझी. कुठे कापायचं ते सांग."

"तू? तुला पेन्सिलीला टोक करता येत नाही!"

"म्हणून सांग म्हणतोय."

सव्वादोन वाजेपर्यंत कार्यशाळेतून बुवांचा आवाज येत होता. "अरे, करवत नाहीये ती! हळू... पट्टी धर... उजवीकडे! तुझं उजवं कुठलं असतं?" कार्यालयातल्या लोकांना हायसं वाटलं. बुवा पुन्हा ओरडायला लागले होते.

घर तयार झालं. जरा तिरपं, चीर पट्टी लावून झाकलेली. बुवांनी ते तळहातावर घेऊन पाहिलं आणि खाली ठेवलं.

"मी स्वतःहून सांगणार आहे सगळं," ते म्हणाले. "तू मध्ये पडू नकोस. पण... शेजारी उभा राहा."

६

तीन वाजता बुवा उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. आपल्या हातांचंही. पोथीकाका त्यांच्या शेजारी उभे होते. "नकाशा माझ्या कक्षातला," एवढं त्यांनी मध्येच घुसवलं, बुवांनी डोळे वटारले तरी. शिवणताई मागच्या रांगेत बसून ऐकत होती.

आर्किटेक्ट उठला. "बाई, मला कोणाचा अपमान करायचा नाही. पण कालची अधिकृत प्रतिकृती बाजूला ठेवून, चोरणाऱ्यानंच दुरुस्त केलेलं हे तिरपं घर पुरावा म्हणून कसं धरायचं?"

"बरोबर आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. शिवणताईचा हात पदराशी गेला. बाई खुर्चीवरून उठल्या. "घर तिरपं आहे. खरं घर दहा मिनिटांवर आहे. चला."

अख्खी समिती रस्त्यानं चालत गेली. बाईंनी मोजपट्टी आर्किटेक्टच्याच हातात दिली. "तुम्ही मोजा. तुमच्या मापावर कोणी शंका घेणार नाही."

तो दारात थांबला, खाली बघितलं, सांभाळून तीन पायऱ्या उतरला. रस्त्याची पातळी, खिडकीची चौकट, दोनदा मोजलं. मग पट्टी हातात तशीच धरून काही क्षण यंत्राशी उभा राहिला. काळ्या कापडावरच्या खुणांवर त्यानं बोट फिरवलं. आपल्या धन्याचे तीन मजले आणि पुढचं सगळं काम या एका आकड्यावर होतं, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

"नकाशापेक्षा खिडकी एक मीटर खाली आहे," तो म्हणाला. "नेमकं सांगायचं तर एक मीटर तीन सेंटीमीटर."

पुठ्ठ्याचं घर कापताना बुवांनी धरलेला अंदाजही एक मीटरचाच होता. पोथीकाकांनी श्वास सोडला.

परत येऊन घर बसवलं. दिवा सरकवायला बुवांनी हात पुढे केला, मागे घेतला. पोथीकाकांनी दिवा धरला. निळ्या मजल्यांची सावली रांगेवर आली, कोपऱ्यावर पोचली, आणि तारेच्या गजांवरून ऊन निघून गेलं. एक तास वीस मिनिटं.

अध्यक्षबाईंनी लिहायला घेतलं. वाढीचा सर्वांत वरचा मजला नामंजूर. दुसरा रस्त्यापासून मागे घ्यायचा, खिडकीत दोन तास भरतील इतका. आणि निकषात एक ओळ जादा: मापं प्रत्यक्ष जागेवर घ्यायची, जुन्या नकाशावरून नाही. आर्किटेक्टनं ते उतरवून घेतलं. "मागे घेता येईल," तो म्हणाला. "चिडतील ते माझ्यावर. पण येईल."

"आणि बुवा," बाई म्हणाल्या, "जुन्या नकाशांवरून केलेल्या किती प्रतिकृती आहेत अजून?"

"बारा वस्त्या."

"सगळ्या दुरुस्त व्हायला हव्यात. न विचारता टेबलावरचं काही उचलायचं नाही, ही ताकीद लेखी मिळेल. पण काम तुमचंच."

बुवांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "करायला हात नाहीत, बाई. आणि याच्या भरवशावर सोडलं तर अख्खं शहर तिरपं होईल."

लोक हसले. पोथीकाकाही हसले.

सभा उठली. बुवा वाट काढत शिवणताईपाशी गेले. "पोरी, माझ्यामुळे तुझ्यावर..."

"तुम्ही सकाळीच बोलायला हवं होतं, मामा," ती म्हणाली. "दोन तास मी घरात चोर होऊन बसले होते." बुवांनी मान हलवली. तिनं टेबलावरचं घर वाकून न्याहाळलं, चिरेवरची पट्टी, वाकडी कड. "हे कापलं कोणी?"

पोथीकाकांनी अपराध्यासारखं बोट वर केलं.

"अगं बाई गं." तिनं कडेवरून नख फिरवलं. "बारा वस्त्या म्हणजे किती घरं?"

"दोनशेच्या आसपास," बुवा म्हणाले.

"मी सरळ कापते. काजाच्या कात्रीनं कागदसुद्धा कापून बघितलाय. तुम्ही शेजारी बसून सांगा, ओरडायचं तेवढं ओरडा. फुकट नाही करणार मी, बाईंना सांगून ठेवा. आणि इथे जिन्याखाली नाही यायची." तिनं पिशवी खांद्याला अडकवली. "माझ्याकडे या. नऊनंतर ऊन असतं. पायऱ्या मात्र जपून उतरा."